बंद कारखान्याची दूषित जमीन पालिकेने घ्यायची तर : पाहणीपासून खरेदीखतापर्यंतचा क्रम

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे विषय येतो : ‘हद्दीतील बंद कारखान्याची सहा एकर जागा उद्यान व भाजी मंडईसाठी खरेदी करणे.’ जागा मोक्याची असते, भाव आजूबाजूच्या निम्मा असतो आणि मालकाला विकायची घाई असते. ठराव एकमताने होतो, विसार दिला जातो. पुढे जेसीबीचं पहिलं बकेट मातीत जातं, उग्र वास सुटतो, आणि माती कुणी तपासलीच नव्हती हे तेव्हा लक्षात येतं.

अशा व्यवहारांत चूक बहुधा क्रमाची असते. भाव आधी ठरतो आणि तपासणी मागून येते. खरा क्रम असा : कागद, पाहणी, नमुने, वापराचा निर्णय, सफाईचा खर्च, त्यानंतर भाव आणि सगळ्यात शेवटी ताबा. नगरसेवक, मुख्याधिकारी, नगर अभियंता आणि या विषयावर सभेत प्रश्न विचारू इच्छिणारे नागरिक यांच्यासाठी हे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. त्यांची अदलाबदल करू नका.

टप्पा १ : तुमच्या हाती नेमकं काय येणार आहे

सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. मागच्या किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. फेरफार एकेक करून पाहा. खालच्या गोष्टी बहुतेक प्रकरणांत निघतातच.

जागा एमआयडीसीतली असेल तर ती मालकीची नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. तुम्हाला मिळणार तो उरलेल्या वर्षांचा हक्क, आणि तोही महामंडळाच्या परवानगीने. जागा भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आलाच. पूर्वी सरकारने कंपनीसाठी संपादन करून दिलेली जमीन असेल, तर ती विकायचा अधिकार कंपनीला कितपत आहे हे आधी तपासा.

मग देणी. बँकेचा बोजा, भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी, कामगारांची ग्रॅच्युइटी, खुद्द पालिकेचाच मालमत्ता कर. कामगार आयुक्त कार्यालयाकडून थकीत देण्यांची स्थिती लेखी घ्या. कंपनी दिवाळखोरीत असेल तर विकणारा मालक नसून लिक्विडेटर (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) असतो. तो ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवरच विकतो. तिथे नंतर कसलीही अट घालता येत नाही. त्यामुळे जागेत जाऊन नमुने घेण्याची परवानगी बोली लावण्याआधीच त्याच्याकडे लेखी मागा. नकार आला तर बोली लावू नका.

विकास योजनेत त्या जागेवर आरक्षण असेल तर घाई आणखी वाढते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली, दहा वर्षांत आरक्षित जागा संपादन झाली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सूचना आल्यावर सगळे ‘आरक्षण जाईल’ या एकाच भीतीने धावू लागतात. पण २४ महिने मातीच्या तपासणीला पुरेसे असतात. पहिले सहा महिने फाईल टेबलावर पडून राहिली तरच वेळ अपुरा पडतो.

सावध : टीडीआर (पैशांऐवजी द्यायचा हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन जागा ‘फुकट’ मिळते असं समजू नका. ताबा घेताना आपण जागा बोजाविरहित आहे का हे पाहतो, पण मातीतलं विष बोजाच्या रकान्यात लिहिलेलं नसतं. टीडीआरवर मिळणाऱ्या जागेलाही पुढचे सगळे टप्पे जसेच्या तसे लागू करा.

टप्पा २ : कारखान्याचा कागदी इतिहास जुळवा

प्रयोगशाळेत जाण्याआधी काय शोधायचं हे माहीत असावं लागतं. तिथे कधी काय बनत होतं यावरून ते ठरतं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयातून आजवरची सगळी संमतीपत्रं मागा. त्यांत उत्पादनं, कच्चा माल, सांडपाणी आणि घातक कचऱ्याचं प्रमाण दिलेलं असतं. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण म्हणजे फॉर्म ४, आणि कचरा बाहेर नेल्याच्या मॅनिफेस्टच्या प्रती म्हणजे फॉर्म १०, हेही मागा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कारखान्याचा मंजूर नकाशा असतो. त्यावर टाक्या, बॉयलर, गोदामं, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र) कुठे होतं ते दिसतं. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं लावून पाहा. मागच्या बाजूला कधीतरी खणलेला आणि पुढच्या वर्षी बुजवलेला खड्डा तिथे दिसू शकतो.

या कागदांतून एकच तक्ता करा. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात तयार झालेला घातक कचरा, तिसऱ्यात अधिकृत ठिकाणी पाठवलेला कचरा. दोहोंतला फरक कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नसेल, तर तो बहुधा त्याच कुंपणाच्या आत आहे.

मग जुन्या कामगारांना भेटा. माझ्या अनुभवात यासारखा दुसरा स्रोत नाही. एका ठिकाणी कंपनीच्या कागदांवर ईटीपीचा गाळ दर महिन्याला बाहेर जात होता. निवृत्त झालेल्या एका मामांना चहाच्या टपरीवर विचारलं तर ते म्हणाले, “गाडी कधी यायची, कधी नाही. गाळ पोत्यांत भरून मागच्या कंपाउंडला लावायचो. थर वर आला की मुरूम टाकून रोलर फिरवायचो.” त्यांनी बोटाने दाखवलेल्या जागी पुढे नमुने घेतले आणि सगळ्यात वाईट आकडे तिथलेच निघाले.

त्यांना सरळ प्रश्न विचारा. गाळ कुठे टाकायचे? ईटीपी बंद असताना पाणी कुठे सोडायचे? कुठली टाकी गळायची? आग किंवा सांडलवंड कधी झाली होती? ट्रान्सफॉर्मरचं तेल कुठे बदलायचे? नावं अहवालात घालू नका आणि तसं त्यांना आधीच सांगा. मग ते मोकळेपणाने बोलतात.

धंद्यावरून काय शोधायचं, याचा हा अंदाज :

- प्लेटिंग (धातूवर मुलामा देणं) : हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त घातक रूप), निकेल, सायनाइड
- बॅटरी : शिसं आणि आम्ल
- कातडी कमावणं : क्रोमियम, सल्फाइड
- कीटकनाशकं : डीडीटी, एचसीएच, एंडोसल्फानसारखी टिकून राहणारी रसायनं
- यंत्रांचे भाग धुणं : ट्रायक्लोरोइथिलीन
- जुने ट्रान्सफॉर्मर : पीसीबी हे टिकून राहणारं विषारी रसायन असलेलं तेल
- इंधनाच्या टाक्या : बेंझीन आणि इतर हायड्रोकार्बन
- छताचे जुने पत्रे, बॉयलरचं आवरण : ॲस्बेस्टॉस

टप्पा ३ : जागेवर चालून पाहणी

एक पाहणी उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात करा. दोन्ही का, ते एका उदाहरणाने सांगतो.

एका जुन्या प्लेटिंग कारखान्यात आम्ही आधी एप्रिलमध्ये गेलो होतो. शेडच्या जोत्याला कडेकडेने पिवळसर भुकटी दिसली. सगळ्यांनी ती डिस्टेंपरची समजली. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तर त्याच कडेला वीतभर रुंदीचं डबकं साचलेलं होतं. त्यातलं पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळंधमक, आणि तळ स्वच्छ दिसेल इतकं नितळ. पहारेकरी म्हणाला, “दर पावसाळ्यात असंच येतं साहेब, उन्हात वाळून पूड राहते.” ते हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होतं. वर्षानुवर्षं काँक्रीटखाली मुरलेलं रसायन पाण्याबरोबर वर येत होतं. पालिकेने विसार तोवर देऊन टाकला होता.

पाहणीत नकाशा हातात ठेवा आणि प्रत्येक खुणेला क्रमांक द्या : डागाळलेली जमीन, गवत न उगवलेले पट्टे, फुटलेलं फ्लोअरिंग, भूमिगत टाक्यांची झाकणं, गटाराची दिशा, विहिरी, बोअर, कुंपणाबाहेर पाणी जातं ती जागा. शेजारच्या शेतातली विहीर विसरू नका.

सावध : टाकीत, चेंबरमध्ये किंवा बंद तळघरात कुणीही उतरायचं नाही. आधी गॅसमीटर आत सोडा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा ज्वालाग्राही वायू अथवा हायड्रोजन सल्फाइड दाखवत असेल, तर बाहेरच थांबा. रिकाम्या दिसणाऱ्या टाक्यांत उतरून माणसं दगावलेली आहेत.

टप्पा ४ : मंडळाला लेखी कळवा

हा टप्पा बहुतेक पालिका टाळतात. मंडळाला कळवलं तर व्यवहार अडकेल, असं त्यांना वाटतं. खरं तर पालिकेला सगळ्यात मोठं संरक्षण याच टप्प्यातून मिळतं.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित दूषित जागा शोधून राज्य मंडळाला कळवण्याचं काम त्यांनी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावरच टाकलं आहे. कळवल्यावर मंडळाने प्राथमिक तपासणी करायची, प्रमाण जास्त आढळलं तर सविस्तर तपासणी करायची, जागा जाहीर करायची आणि जबाबदार व्यक्ती निश्चित करायची, असा क्रम त्यात आहे. खर्च प्रदूषण करणाऱ्याने उचलायचा हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच राजस्थानातल्या बिछडी प्रकरणात ठामपणे मांडलं. तिथे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी गावाच्या विहिरी नासवल्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणही हेच तत्त्व वापरतं.

आता व्यवहाराची बाजू पाहा. कंपनी अस्तित्वात आहे, संचालक सापडताहेत, जमीन अजून त्यांच्या नावावर आहे, तोवर जबाबदारी त्यांच्यावर बसवणं सोपं असतं. जमीन पालिकेच्या नावावर झाली, कंपनी गुंडाळली गेली, की न्यायालयाला समोर दिसते ती फक्त पालिका. म्हणून मंडळाला पाठवलेल्या पत्राची पोच खरेदीखताच्या आधीच्या तारखेची असलीच पाहिजे.

तपासा : हे नियम सरसकट सगळ्याच जागांना लागू नाहीत. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो यांसाठी वेगळे कायदे आहेत. तुमच्या जागेवर जुना कचरा डेपोही असेल तर त्या भागाचा प्रस्ताव वेगळा करा.

टप्पा ५ : माती आणि पाण्याचे नमुने

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, आणि तो चुकीची चाचणी केल्यामुळे. एका पालिकेने बंद रसायन कारखान्याची माती तपासून घेतल्याचा अहवाल सभेत ठेवला होता. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सेंद्रिय कर्ब एवढंच होतं. ती शेतकऱ्यासाठीची माती परीक्षण पत्रिका होती. मातीत शिसं आहे की नाही, याचा तिच्यात पत्ताच नव्हता.

*जागा ठरवणं.* दोन प्रकारचे बिंदू घ्या. पहिले संशयाचे : पाहणीतल्या प्रत्येक क्रमांकावर. दुसरे जाळीचे : उरलेल्या जागेवर २५ मीटरच्या चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनात एक. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, त्यामुळे एकरी साधारण सात बिंदू होतात. सहा एकरांत चाळीसच्या आसपास. प्रत्येक बिंदूवर किमान तीन खोलींवरचे नमुने : वरचे १५ सेंटिमीटर, अर्धा ते एक मीटर, आणि भराव संपून मूळ माती लागते तिथे. म्हणजे जाळीचेच सव्वाशेच्या घरात नमुने. आकडा मोठा वाटतो, पण एका चुकीच्या एकराच्या सफाईपुढे हा खर्च किरकोळ असतो.

*मिसळायचं नाही.* पाच ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना केला की वाईट जागेचा आकडा चांगल्या जागांत विरघळून जातो. खर्च वाचवण्यासाठी कुणी असं सुचवलं तर नकार द्या.

*बाहेरचा नमुना.* कुंपणाबाहेर, उताराच्या वरच्या अंगाला, कारखान्याचा स्पर्श नसलेल्या जागी तीन-चार नमुने घ्या. दख्खनच्या काळ्या मातीत बेसाल्टमुळे क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच बऱ्यापैकी असतं. हा आधार नसेल तर मालकाचा सल्लागार म्हणेल ‘हे नैसर्गिक आहे’ आणि विरोधी नगरसेवक म्हणेल ‘सगळं विषारी आहे’. खरं कुणाचं हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नसेल. एकूण क्रोमियमबरोबर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वेगळं मोजून घ्यायचं ते याच कारणासाठी.

*पाणी.* भूजल कुठल्या दिशेने वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नकोत. तिन्हींतली पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भात मोजा. आपल्याकडे पाणी खडकाच्या भेगांतून वाहतं, त्यामुळे ते उताराच्याच दिशेने जाईल असं गृहीत धरू नका. मे आणि ऑक्टोबर असे दोनदा नमुने घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे. शेजारच्या विहिरीचे आकडे याच्याशी लावून पाहा.

*नमुना सांभाळणं.* उडून जाणाऱ्या रसायनांसाठीची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा नको. धातूंसाठीच्या पाण्यात नायट्रिक आम्ल घालतात, पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत ते घालायचं नाही. ती बाटली बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत तपासली गेली पाहिजे. प्रत्येक बाटली कुणाकडून कुणाकडे किती वाजता गेली, याची सहीनिशी नोंद ठेवा. उद्या हाच अहवाल न्यायालयात जाऊ शकतो.

तपासा : प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला हवा तो घटक, मातीसाठी, त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते पाहा. दर दहा नमुन्यांमागे एक जुळा नमुना वेगळ्या क्रमांकाने पाठवा. दोन्ही आकडे जवळपास आले नाहीत तर सगळ्या अहवालावर प्रश्नचिन्ह लागतं.

सावध : टीसीएलपी आणि एकूण प्रमाण या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. टीसीएलपीत मातीतून पाझरणारा अंश मोजतात. शिशासाठी तिची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. उचललेली माती कुठल्या भूभरावात (कचरा पुरण्याच्या जागी) न्यायची हे त्यावरून ठरतं. ‘टीसीएलपी पास झाली’ म्हणजे तिथे मुलांनी खेळायला हरकत नाही, असं होत नाही. सभेत हा घोळ हमखास होतो.

टप्पा ६ : आधी वापर ठरवा, मग सफाईचं लक्ष्य

माती ‘स्वच्छ’ करायची म्हणजे कुठवर? उत्तर वापरावर अवलंबून आहे. घंटागाड्यांच्या डेपोसाठी वर काँक्रीट येणार, मातीशी कुणाचा संबंध नाही. मंडईतही फरशी असेल. बगिच्यात मात्र दोन वर्षांचं मूल माती तोंडात घालतं. परसबागेच्या घरांना तर त्याहून कडक निकष हवा, कारण तिथे शेवगा आणि मेथी पिकणार.

म्हणून सहा एकरांचा एकच निकष धरू नका. सगळ्यात दूषित कोपऱ्यात वाहनतळ, स्वच्छ कोपऱ्यात खेळाचं मैदान, असा आराखडा अहवाल हाती आल्यावर करा. आरक्षणाचा उद्देश बदलावा लागला तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाची कार्यवाही करा आणि त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

लक्ष्य ठरवताना लोकांना विचारलं नाही तर काय होतं ते कोडाईकनालमध्ये दिसलं. तिथला पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. मातीत किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत पारा चालेल, असं लक्ष्य ठरलं. शोला जंगलाच्या कडेला इतका पारा ठेवणं मान्य नाही, असं कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. या एका आकड्यावर वर्षंच्या वर्षं गेली. तुमच्या गावात तो आकडा प्रभागातल्या लोकांसमोर, मराठीत, तक्ता लावून, निविदेच्या आधी ठेवा.

टप्पा ७ : खर्चाचा हिशेब मातीच्या टनांत करा

रुपयांकडे जाण्याआधी टन मोजा. एक एकर, एक मीटर खोल म्हणजे ४,०४७ घनमीटर माती. घनमीटरला १.७ टन धरले तर सुमारे ६,९०० टन. सोळा टनांच्या डंपरने सव्वाचारशेहून जास्त फेऱ्या. खोली अर्ध्या मीटरने वाढली की वजन दहा हजार टनांच्या पुढे आणि फेऱ्या साडेसहाशेच्या घरात. म्हणून नमुन्यांत खोली नीट कळणं इतकं महत्त्वाचं. खणलेली माती फुगून पाव पट वाढते, त्यामुळे ती तात्पुरती ठेवायलाही मोठी जागा लागते. जिथून माती काढली तिथे भरायला चांगली माती विकत आणावी लागते, तिचाही खर्च धरा.

सगळी माती उचलावी लागेलच असं नाही. पर्याय असे :

- उचलून अधिकृत भूभरावात नेणं : कमी जागेतल्या तीव्र दूषित मातीसाठी. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधा आहेत. अंतरावरून वाहतूक खर्च कळतो.
- सिमेंट किंवा चुन्याने बांधून टाकणं : धातूंसाठी.
- फेरस सल्फेटने हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं कमी घातक रूप करणं.
- सूक्ष्मजीवांनी तेल खाऊन टाकणं : डिझेल-तेलाच्या मातीसाठी उत्तम, धातूंसाठी निरुपयोगी. जिवाणू शिसं संपवत नाहीत.
- वरून अभेद्य थर टाकून झाकणं : स्वस्त, पण कायमची देखरेख मागे लागते.

भूजल खराब असेल तर त्याचा खर्च वेगळा काढा. पाणी उपसून शुद्ध करायचं काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला वीज लागते. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद कुठल्या शीर्षाखाली करणार हे लेखापालांना आत्ताच विचारा.

टप्पा ८ : भाव आणि करार

आता कुठे भावाचा विषय. रेडी रेकनरचा दर स्वच्छ जमिनीचा असतो. दूषणाची वजावट त्यात धरलेली नसते. नगररचना विभागाकडून मूल्यांकन घेताना सफाईचा अंदाज सोबत जोडा आणि तेवढी वजावट लेखी मागा. सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर जागा न घेणं हाही योग्य निर्णय आहे. तो ठरावात तसा लिहा, म्हणजे पुढच्या सभागृहात हाच विषय पुन्हा कोऱ्या पाटीने येणार नाही.

घ्यायचंच ठरलं तर थेट खरेदीखत करू नका. आधी अटींसह साठेखत, आणि त्यात किमान एवढं हवं : मालकाने माहीत असलेली सगळी पुरलेली, सांडलेली रसायनं जाहीर केली आहेत असं शपथपत्र. सफाई मालकाने करायची असेल तर ती मंडळाच्या मान्यतेने आणि ताबा देण्याआधी. पालिकेने करायची असेल तर किमतीचा मोठा हिस्सा एस्क्रो खात्यात (तिऱ्हाइताकडे ठेवलेल्या रकमेच्या खात्यात), सफाई पडताळल्यावरच सुटणारा. नंतर नवं काही सापडलं तर भरपाईची जबाबदारी मालकाची, आणि त्यासाठी बँक हमी. कंपनीने दिलेलं नुसतं हमीपत्र कंपनी बुडाली की कागदाचा तुकडा उरतो.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहराच्या शाळा मंडळाने १९५३ साली लव्ह कॅनॉलची जागा हूकर केमिकल कंपनीकडून एका डॉलरला घेतली. खाली सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरलेला होता. तसा उल्लेख खरेदीखतात होता, आणि पुढे इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही हेही लिहिलेलं होतं. तरी मंडळाने सही केली. शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं तिथून हलवावी लागली. तुमच्या करारात असं कलम दिसलं तर ते काढून टाकल्याशिवाय सही करू नका.

टप्पा ९ : प्रत्यक्ष सफाई

सर्वांत घातक चूक : भंगाराचा लिलाव आधी काढणं. पालिकेला पैसे दिसतात, भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो, टाकीत उरलेलं रसायन जमिनीवर सांडतं किंवा पेट घेतं. तुमचा नमुन्यांचा सगळा अहवाल त्या एका दिवसात निकामी होतो, माणसाचा जीव जाऊ शकतो तो वेगळाच.

क्रम असा ठेवा :

१. टाक्या, पाइप, पिंपांतली द्रवं आणि उरलेली रसायनं.
२. ॲस्बेस्टॉसचे पत्रे, ओले करून, न फोडता.
३. टाक्या धुऊन, गॅस तपासून मग भंगार.
४. इमारत आणि फ्लोअरिंग. दूषित काँक्रीट वेगळं काढा, ते भरावासाठी देऊ नका.
५. सगळ्यात शेवटी माती.

मातीचं काम ऑक्टोबरनंतर सुरू करा आणि मेअखेर खड्डे बुजलेले असू द्या. उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की तेवढं सगळं पाणी तुमचं दूषित सांडपाणी होतं. ढिगाऱ्यांवर ताडपत्री, खाली जाड प्लास्टिक, डंपरचे टायर धुण्याची जागा गेटवर.

निविदा परिमाणावर आधारित काढा, एकरकमी नको. जमिनीखाली काय निघेल हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. एकरकमी ठेक्यात ठेकेदार ठरलेल्या खोलीवर थांबतो आणि खाली उरलेलं झाकतो. तपासणी करणारी, सफाई करणारी आणि पडताळणी करणारी संस्था या तिघी वेगळ्या असल्या पाहिजेत.

तपासा : प्रत्येक डंपरचा मॅनिफेस्ट आणि सुविधेची वजनपावती जुळल्याशिवाय देयक नाही. आणि जिथे नेणार तिथली स्वीकृती लेखी हवी. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या जागेतला ३३७ टन कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला गेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले होते. तुमच्या गावाची माती दुसऱ्या कुणाच्या तरी गावात जाते आहे, आणि त्या गावालाही विचारणारं कुणी असतं.

टप्पा १० : पडताळणी आणि त्यानंतरची वर्षं

खड्डा बुजवण्याआधी त्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने स्वतंत्र संस्थेने घ्यायचे. आकडा लक्ष्याच्या वर असेल तर आणखी खणा. मंडळाची लेखी मान्यता आल्यावरच खरेदीखत, ताबा आणि एस्क्रोमधली रक्कम. निरीक्षण विहिरी बुजवू नका. पाच वर्षं तरी वर्षातून दोनदा पाणी तपासा आणि आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावा.

थर टाकून झाकलेला भाग असेल तर अभिलेखात तशी नोंद घ्या : इथे बोअर मारायची नाही, खोल मुळांची झाडं लावायची नाहीत, इतक्या खोलीखाली खणायचं नाही. या नोंदीचा नकाशा उद्यान विभागात, पाणीपुरवठा विभागात आणि खोदाई परवानगी देणाऱ्या टेबलावर लावून ठेवा. आठ-दहा वर्षांनी तो थर फोडणारा पहिला माणूस बहुधा पालिकेच्याच जलवाहिनीचा ठेकेदार असतो, आणि त्याच्या हाती तो नकाशा कामाच्या आदेशासोबतच गेला पाहिजे.